खोलीची शांतता

कोणी हलत नव्हतं. पाहुणा मांडीवर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून बसला होता. दीर छताकडे बघत होता. आणि ती, कानांवर हेडफोन घट्ट दाबून, त्या दोघांच्या न बोलण्याचा आवाज ऐकत होती. मुलाखत संपली की खोलीची शांतता रेकॉर्ड करायची, हा इथला रिवाज होता. मिनिटभर कोणी बोलायचं नाही, खाकरायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही. ‘‘आमच्या वहिनीला लागते ती, सर,’’ दीर प्रत्येक पाहुण्याला सांगायचा तसंच त्यानं यालाही सांगितलं होतं, ‘‘कापलेल्या जागा बुजवायला.’’ कारण बोलणाऱ्याचं वाक्य कापलं आणि तिथं नुसती पोकळी ठेवली, तर ऐकणाऱ्याच्या कानाला ती लगेच टोचते, पोपडा निघालेल्या भिंतीसारखी. त्या पोकळीत त्याच खोलीची, त्याच दिवसाची, त्याच माणसांनी मिळून पाळलेली शांतता भरावी लागते. प्रत्येक शांतता वेगळी असते, हे तिला या कामानं शिकवलं होतं. भिंतींवर टांगलेल्या जुन्या रजयांची एक जाड, कापसाळ शांतता; तिच्याखाली नुकत्याच बंद केलेल्या पंख्याची, अजून पुरती न विझलेली; आणि सगळ्यांच्या तळाशी माणसांचे श्वास. आजच्या शांततेच्या तळाशी एक शिट्टी होती. अगदी बारीक, पाहुण्याच्या नाकपुडीत अडकलेली, श्वास आत जाताना वाजणारी आणि बाहेर येताना गप्प होणारी. ती शिट्टी तिला पाठ होती. एके काळी ती तिच्या उजव्या खांद्यामागून ऐकू यायची, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून हा माणूस तिचा स्क्रीन वाचत उभा असायचा तेव्हा.

आणि आता थोड्याच वेळापूर्वी, समोरच्या खुर्चीत बसून, त्यानं तिची गोष्ट सांगितली होती. समोर बसून ऐकणारीच ती आहे, हे ठाऊक नसताना. तिला तो येणार हे आधीपासून माहीत होतं. दिराचा हा कार्यक्रम, ‘पडझड’, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी चालवलेली एक शाळाच होती: प्रत्येक भागात एक जाणता माणूस यायचा आणि आपल्या हातून उभी राहिलेली एखादी यंत्रणा कशी कोसळली, का कोसळली, त्यातून काय शिकावं, हे समजावून सांगायचा. कामावर जाताना, भांडी घासताना, कुत्र्याला फिरवताना लोक ते ऐकत. नव्यांना तर कचेऱ्यांतून सांगितलंच जायचं, आधी ‘पडझड’ ऐका, मग हात लावा. अशा कार्यक्रमात एक ना एक दिवस कॅप्टन येणारच. कॅप्टन हे त्याचं तेव्हाचं, हाताखालच्यांनी ठेवलेलं नाव; दीर त्याला सर म्हणायचा, आणि ‘सर हो म्हणाले’ हे सांगायला तो स्वयंपाकघरात अक्षरशः धावत आला होता. दार तिनंच उघडलं. ‘‘नमस्कार. बूट इथंच काढू ना?’’ असं विचारून तो आत आला आणि दिरानं आपला नेहमीचा विनोद सांगितला: रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रिजची घरघर नको म्हणून त्याचा प्लग काढून ठेवतात, एकदा तो पुन्हा लावायचाच राहिला आणि सगळं दूध नासलं, तेव्हापासून पाहुण्याच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये जाते, म्हणजे फ्रिजला विसरून घराबाहेर कोणी पडूच शकत नाही. तो मनापासून हसला होता आणि त्यानं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली होती. तिच्याकडे बघून. त्या नजरेत ओळखीचा मागमूसही नव्हता. अकाली पांढरे झालेले केस, चष्मा, सासरचं आडनाव, घरातला वेष. माणूस पुसायला एवढं पुरतं. तिला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं होतं आणि त्याच क्षणी, त्याच श्वासात, कोणी थोबाडीत मारल्यासारखंही.

‘‘एक मुलगी होती आमच्याकडे,’’ तो माइकला म्हणाला होता, त्या मऊ, व्यासपीठावर मुरलेल्या आवाजात. ‘‘हुशार होती, हां. पण घाई. तिनं कोडची तपासणी बंद केली आणि बदल तसाच चालू यंत्रणेत सोडला. डायलिसिसच्या रुग्णांच्या पुढच्या सगळ्या वेळा पुसल्या गेल्या. सकाळी केंद्रांच्या दारात माणसं उभी.’’

‘‘पण सर,’’ दिरानं विचारलं होतं. तो भाबडा आहे पण धंद्यात कच्चा नाही. ‘‘तपासणी तिनं आपणहून बंद केली, की कोणी सांगितलं होतं?’’

‘‘घाईत माणूस करतो असं. मुद्दा तो नाहीच. मुद्दा हा, की बैठकीत मी तिचं नाव घेऊ दिलं नाही. कोणालाच. आजही घेत नाही. दोष माणसाला द्यायचा नसतो, पद्धतीला द्यायचा. पुढं ती हे क्षेत्रच सोडून गेली म्हणे. असतं. सगळ्यांनाच झेपत नाही.’’

प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये एक श्वाससुद्धा नव्हता. हे तिनं ऐकण्याआधी पाहिलं, तिच्या समोरच्या पडद्यावर, जिथं आवाजाची हिरवी टेकाडं सरकत असतात: दिराच्या प्रश्नाचं टेकाड संपलं तिथंच त्याच्या उत्तराचं सुरू झालं होतं, मधे जराही सपाटी नाही. विचार करणारा माणूस असा बोलत नाही. असं बोलतो तो ज्यानं हे उत्तर पूर्वी अनेकदा दिलं आहे, आणि प्रत्येक वेळी ते थोडं अधिक गुळगुळीत झालं आहे. म्हणजे ही गोष्ट तो सांगत फिरत होता. किती सभागृहांतून, किती नव्या मुलामुलींच्या वह्यांमधून ती हुशार-पण-घाईची मुलगी बसली असेल, बिननावाची, झेपलं नाही म्हणून निघून गेलेली. आणि तिच्यावर आपल्या मोठेपणाची शाल पांघरणारा हा. तिची बोटं मात्र सवयीनं चालत होती, आवाजाची पातळी वर-खाली करत होती, त्याचा ‘स’ फार टोचू नये म्हणून काळजी घेत होती.

तो दिवस तिला दिसतो तो नेहमी पाठीमागून. स्वतःची पाठ, खुर्ची, खुर्चीवरचा त्याचा हात. कोड तपासणाऱ्या चाचण्या तेव्हा फार हळू चालत; एक बदल पुढे सरकवायचा तर त्या पूर्ण होईपर्यंत हात चोळत बसावं लागे, आणि त्या दिवशी वरच्या मजल्यावरून सारखी विचारणा चालली होती. ‘‘ती एक तपासणी बंद कर आत्तापुरती,’’ खांद्यामागून आवाज आला होता, शिट्टी आणि आवाज, ‘‘मी बघतो नंतरचं.’’ तिनं मान वळवून विचारलं होतं, ‘‘नक्की ना?’’ आणि तो म्हणाला होता, ‘‘अगं, कॅप्टन कोण आहे इथं?’’ आजूबाजूचे हसले होते. तीही हसली होती. एवढंच. तोंडचं बोलणं हवेत विरतं. तिथं बदलाखाली यंत्रानं आपोआप उमटवलेलं नाव तेवढं उरतं, आणि ते तिचं होतं. मग ती बैठक. ‘निर्दोष बैठक’ म्हणायचे तिला: यंत्रणा कोसळली की सगळ्यांनी गोल बसायचं, काय घडलं ते क्रमानं मांडायचं, पण कोणाचं नाव घ्यायचं नाही. ‘अमक्यानं केलं’ असं नाही, ‘केलं गेलं’ असं म्हणायचं. किती सुंदर वाटायचा तिला तो नियम. कुठल्याशा व्याख्यानात ऐकून तो टीममध्ये आणायला तीच तर सगळ्यांत पुढे होती. माणसाला भीती नसली की तो खरं बोलतो, असं ती सगळ्यांना पटवत हिंडली होती. ‘‘तपासणी बंद केली गेली,’’ ती त्या गोलात बसून म्हणाली. अध्यक्षस्थानी वरच्या मजल्यावरच्या बाई होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘बंद करायची सूचना कुठून आली?’’ तिनं त्याच्याकडे पाहिलं. ती सांगू शकत नव्हती. ‘यानं सांगितलं’ म्हणणं म्हणजे नाव घेणं. तिनंच आणलेला नियम तिनंच मोडणं. सांगायचं होतं ते त्यानं, आपणहून, एका वाक्यात. त्यासाठीच तर तो नियम होता. तो समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता. ग्लासाच्या काठावरून बोट फिरवत होता. खोलीत कोणी हलत नव्हतं. त्या शांततेत तिला त्याची शिट्टी ऐकू येत होती, आत जाताना वाजणारी, बाहेर येताना गप्प. आणि ती वाट बघत होती, प्रत्येक बाहेर येणाऱ्या श्वासाबरोबर आता शब्द येईल म्हणून. मग बाई म्हणाल्या, ‘‘ठीक आहे. पुढचा मुद्दा घेऊ.’’

तिला कोणी काही बोललं नाही. ओरडलं असतं तर तिला उलट ओरडता आलं असतं. दुसऱ्या दिवसापासून सगळे तिच्याशी जपून बोलू लागले, दुखणाईताशी बोलतात तसे. तिचे बदल दोन दोन माणसं पुन्हा तपासू लागली. ती आली की चहाच्या यंत्रापाशी चाललेला विनोद अर्ध्यात थांबू लागला. आणि कॅप्टन जाता-येता तिच्या टेबलावर टिचकी मारून म्हणायचा, ‘‘काय, बरं चाललंय ना?’’ ती टिचकी तिला पुढे कित्येक दिवस घरात ऐकू यायची, गॅस पेटवताना, कडी लावताना. राजीनामा दिला तेव्हा नवऱ्याला तिनं सांगितलं की जमत नाही आता. आणि सासूबाईंना सांगितलं की घराकडे लक्ष द्यायचंय. त्यांनी ते इतक्या अभिमानानं चारचौघांत सांगितलं, की पुढे खरं सांगायला तोंडच उरलं नाही. मग दिरानं ‘पडझड’ सुरू केली. पहिल्या भागांत नुसते ‘म्हणजे’, ‘बघा’, ‘काय म्हणत होतो मी’. ‘‘वहिनी, तू घरीच असतेस तर जरा ऐकून सांग ना,’’ तो म्हणाला आणि ती ऐकता ऐकता कापायला शिकली. अडखळणं काढायचं. धाप काढायची. मधेच सुचलेला फुसका विनोद काढायचा. आलेला माणूस गबाळा असो, घाबरट असो, बढाईखोर असो, तिच्या हातून बाहेर पडताना तो शांत, नेमका, विचारी होऊन जायचा, आणि नंतर दिराला फोन करून म्हणायचा, अरे, मी इतकं चांगलं बोललो होतो? इतकी वर्षं ती परक्या माणसांना शहाणं करत आली. ते करताना तिच्या मनाच्या मागच्या अंगणात दुसराच उद्योग चालायचा. जे हात माणसाला शहाणं करतात ते त्याचं काय काय करू शकतात, याचा. एखाद्याच्या ‘मी’च्या आधी क्षणभराची फट सोडली तर तो खोटारडा वाटतो. एखादा आवंढा न कापता ठेवला तर लबाड. तिनं कधी कोणावर ते केलं नव्हतं. तिनं ते सगळं एका माणसासाठी राखून ठेवलं होतं, घरातली चांगली भांडी पाहुण्यांसाठी वेगळी काढून ठेवावीत तसं, घासून, पुसून, कोरडं करून.

आणि आता ही शांतता. तिनं नकळत मनगटावरचं घड्याळ फिरवलं. तबकडी आतल्या बाजूला घ्यायची आणि वर दुसरा हात झाकायचा, ही तिची ताणातली जुनी सवय. ‘‘वेळ लपवून ठेवतेस की काय गं?’’ कॅप्टन विचारायचा. तिनं मान वर केली तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. तो तिच्या मनगटाकडे बघत होता. आधी सहज, जसं मिनिटभर गप्प बसवलेला माणूस कुठं तरी बघतो. मग हेडफोनमधली शिट्टी अर्ध्यात थांबली. श्वास आत गेला होता आणि बाहेर येत नव्हता. रजयांची शांतता तेवढी राहिली, आणि तिच्यावर, खूप वेळानं, एक आवंढा. घसा कोरडा पडलेल्या माणसाचा, मोठा, ओला, आपला आवाज लपवू न शकणारा. दीर अजून छताकडेच बघत होता. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. खोलीत ते तिला एकटीलाच ऐकू आलं होतं, आणि तिच्यासमोरच्या पडद्यावर, त्या लांबलचक हिरव्या सपाटीत, एक लहानसं टेकाड उमटलं होतं.

तिला तेव्हा जे वाटलं त्याला आनंद म्हणता आलं नसतं. फार थंड होतं ते, आणि फार स्वच्छ. काहीही खोटं बनवायची गरज नव्हती. त्याच्या तोंडी एकही शब्द घालायचा नव्हता. ‘की कोणी सांगितलं होतं?’ हा दिराचा प्रश्न; त्यानंतर ही शांतता, अख्खी, याच खोलीची, याच माणसाची, थांबलेल्या श्वासासकट, आवंढ्यासकट; आणि मग ‘घाईत माणूस करतो असं.’ तिनं ते मनात लावून ऐकलं. कुठं तरी कुत्र्याला फिरवणारा एखादा जण पट्टा धरून जागच्या जागी थांबला. साबणाचे हात नळाखाली धरून कोणी तरी मान वर केली. काही कळायला नावाची गरज नव्हती. सभागृहांतल्या त्या सगळ्या मुलामुलींना एकाच वेळी कळलं असतं, आणि त्यालाही कळलं असतं की त्यांना कळलं आहे. तिनं जी शांतता त्या गोलात बसून गिळली होती ती आता ती त्याला परत करणार होती. शांततेच्या खऱ्या जागेवर, जिथं ती त्या दिवसापासून असायला हवी होती.

‘‘झालं,’’ दीर म्हणाला. ‘‘सुटलो, सर.’’ तिनं हेडफोन उतरवला आणि जगाचे आवाज एकदम, बेशिस्तीनं आत घुसले. पाहुणा उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यानं दिराच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘छान प्रश्न विचारता तुम्ही. आमच्याकडे नव्या माणसांच्या शिक्षणाचं सगळं नव्यानं चाललंय. तुमचा हा कार्यक्रमच तिथं आणावा, तुम्हीच सांभाळावा, असं माझ्या मनात आहे. बोलू आपण.’’ दिराचे कान लाल झाले. लहानपणी बक्षीस मिळालं की असेच व्हायचे, सासूबाई सांगतात. त्याचे ते लाल कान बघून तिच्या त्या स्वच्छ थंडीत पहिल्यांदा काही तरी टोचलं. ती शांतता प्रसारित झाली, की तिच्याखाली हे कानही सापडणार होते.

दीर रजया उतरवायला, वायरी गुंडाळायला मागे राहिला. ती पाहुण्याला घेऊन स्वयंपाकघरात आली. तिथं सासूबाई टेबलापाशी, मुलाखत संपेपर्यंत पेल्यात चमचासुद्धा वाजवायचा नाही म्हणून, हातावर हात ठेवून बसल्या होत्या.

‘‘संपली एकदाची तुमची मुक्यांची शाळा?’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला शिंक आली होती. गिळली. शिंक गिळणारी सासू मिळालीय हिला, सांगा जरा कार्यक्रमात.’’

‘‘आई, चहा टाकते थोड्या वेळानं,’’ ती म्हणाली.

‘‘टाक. पण आधी यांना सांगितलंस की नाही? हीसुद्धा तुमच्याच लायनीतली हो. मोठी नोकरी होती. दवाखान्यांच्या वेळाबिळा लावायचं काही तरी. घरासाठी सोडली सगळी. आजकालच्या कोणी सोडतील?’’

‘‘नाही सोडणार,’’ पाहुणा म्हणाला.

‘‘मग. मी तर सगळ्यांना सांगते. बसा हं, मी त्याला हाक मारते, तो एकदा वायरींत शिरला की बाहेर येत नाही.’’ आणि त्या गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, भिंतीचा आधार घेत मागच्या खोलीकडे गेल्या.

ती फ्रिजपाशी उभी होती. तो दारात. दोघांच्या मधे टेबल, टेबलावर झाकलेलं दूध, खिडकीतून आलेला उन्हाचा चौकोन. इतक्या वर्षांत तिनं या क्षणासाठी पुष्कळ वाक्यं रचली होती, धार लावली होती, मोडून पुन्हा रचली होती. तो टेबलाच्या काठावरून बोट फिरवत होता.

‘‘तुमच्या दिरात कुवत आहे,’’ तो म्हणाला. ‘‘अशी माणसं पुढं यायला हवीत. त्यांच्या आड काही येऊ नये.’’

तिनं वाकून प्लग लावला. फ्रिज एकदा थरथरला आणि घरघरू लागला.

‘‘त्या दिवशी बैठकीत,’’ त्यानं पुन्हा सुरुवात केली, आवाज खाली घेऊन, आणि तो व्यासपीठावरचा आवाज नव्हता. ‘‘परिस्थिती वेगळी होती. माझं नुकतंच… एकदा बाईंचा माझ्यावरचा विश्वास उडाला असता तर सगळी टीम गेली असती. तुम्हीसुद्धा. हे मी नंतर कितीदा तरी…’’ ते वाक्य त्याला पूर्ण करता येईना. तिच्या कानांनी ते सवयीनं कापलं, जोडलं, स्वच्छ केलं. आणि स्वच्छ केल्यावर त्यात काहीच उरलं नाही. तिनं फ्रिजचं दार उघडलं. किल्ली आतल्या काचेच्या फळीवर होती, धातू अजून गार, त्याच्यावर बारीक दव आलेलं. ती तिनं टेबलावर ठेवली नाही. हात लांब करून धरली. त्याला घ्यायला पुढं यावं लागलं.

आतून सासूबाईंचा आवाज आला, ‘‘अरे, ते मोठे साहेब खोळंबलेत,’’ आणि दिराचं हसणं.

किल्ली घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. तो आता इतका जवळ होता की तिला हेडफोनची गरज नव्हती.

‘‘तो आवंढा,’’ तो म्हणाला. ‘‘ऐकलास तू.’’ आणि मग, खूप वर्षांपूर्वी खुर्चीमागून विचारायचा त्याच एकेरीत, पण आता मान खाली घालून, ‘‘ठेवणार आहेस का गं तो?’’

तिनं फ्रिजचं दार लावलं. हाताला लागलेला किल्लीचा ओलावा पदराला पुसला, आणि त्याच्या शेजारून, तिचा खांदा त्याच्या खांद्याला घासेल इतक्या जवळून, ती मागच्या खोलीकडे चालू लागली, जिथं पडदा अजून उजळलेला होता. मागे फ्रिजची घरघर होती. त्या घरघरीतही तिला ऐकू आलं: श्वास आत गेला, शिट्टी वाजली, आणि तो थांबून राहिला, वाट बघत. ती चालत राहिली.